परवाना आरोग्याचा कीं अनारोग्याचा?

कायद्याची भाषा कधीं कधीं प्रहसनासहि मागें टाकते, याचें एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या दारूबंदी-नियमांत सांपडतें. १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा नांव बदलून आजहि या राज्यांत चालू आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें येथें मद्य पिणें हा नियम नसून अपवाद आहे, आणि तो अपवाद ज्यास हवा असेल त्यानें रीतसर परवाना काढावा असें बंधन आहे. येथपर्यंत ठीक. परंतु विलायती मद्याचा हा परवाना कोणत्या कारणासाठीं मिळतो? चैनीसाठीं नव्हे, करमणुकीसाठीं नव्हे, मित्रमंडळींच्या आग्रहासाठीं तर नव्हेच. नियमांची भाषा अशी आहे कीं, अर्जदारास तें मद्य आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठीं हवें आहे! सायंकाळीं दारूच्या दुकानांपुढें जे गृहस्थ गर्दी करून उभे असतात ते सर्व, या हिशेबानें पाहतां, आपली प्रकृति सांभाळण्यासाठींच आलेले असतात. त्यांपैकीं कितीजणांच्या खिशांत परवाना असतो हें आम्ही तूर्त विचारीत नाहीं. कायद्यानें जें गृहीत धरलें आहे तें खरें आहे काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न रस्त्याच्या कडेस पडलेल्या दारुड्यास विचारण्यांत अर्थ नाहीं. त्याची स्थिति सर्वांस दिसते, आणि त्याच्या नांवानें हळहळणें सोपेंहि असतें. आमचा रोख आमच्या वाचकांकडेच आहे: शिकलेला नोकरदार, पेढीवर बसणारा व्यापारी, अडत्या, ठेकेदार, डॉक्टर आणि, आमच्या धंद्यास वगळण्याचें कारण नाहीं, वकील. यांपैकीं जे पितात ते बहुधा बेतानें व सभ्यपणें पितात, आणि दुसऱ्या दिवशीं वेळेवर कामास हजर होतात. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर हाहि वकीलच. सनद कांहीं काळापुरती हातची जाते, त्या दुःखावर उतारा म्हणून तो पहिला प्याला घेतो, आणि पुढें घरादाराची राखरांगोळी होते. या नाटकानें महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांस रडविलें, यांत संशय नाहीं. परंतु त्याचा एक विपरीत परिणामहि झाला, असें आमचें मत आहे. प्रतिष्ठित मनुष्य सुधाकराकडे पाहतो, डोळे पुसतो, आणि घरीं जातांना मनाशीं म्हणतो कीं मी कोठें असा आहे? माझी पेढी चालते, मुलें शिकतात, बायकोवर मीं कधीं हात उगारला नाहीं. रात्रीं दोन पेग घेतों आणि जेवून निजतों, यांत कोणाचें काय गेलें? ज्याचा सर्वनाश झालेला नाहीं त्याचें कांहींच नुकसान झालेलें नाहीं, ही समजूत आमच्या समाजांत सर्वांत खोल रुजलेली आहे. ती चुकीची आहे, आणि म्हणूनच दारू सोडण्यापासून होणारा लाभ हा दारुड्याइतकाच या बेतानें पिणाऱ्याचाहि आहे, हें आम्हांस आज सांगावयाचें आहे.

आधीं 'बेतानें' म्हणजे किती हें पाहूं. कारण वादांतील निम्मा घोळ येथेंच आहे. आपल्याकडील व्हिस्की, रम इत्यादि मद्यांत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगांत सुमारें १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटांत जातो, मोठ्या पेगांत २०, आणि ज्यास 'क्वार्टर' म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलींत ६०. बिअर ही दारूच नव्हे असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. त्यांनीं ६५० मिलिलिटरच्या 'स्ट्राँग' बाटलीवरील आठ टक्क्यांचा आंकडा वाचून स्वतःच गुणाकार करावा. त्या एका बाटलींत चार लहान पेग भरलेले आढळतील. आतां निरोगी मनुष्याचें यकृत तासाला सुमारें ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालांत काढतें. या कामांत त्यास घाई करतां येत नाहीं. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी यांनीं डोळे उघडतील, पण यकृताचा वेग वाढणार नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास क्वार्टर संपविणाऱ्याच्या रक्तांत मद्यार्काचा अंश पहाटे चारपर्यंत, आणि कित्येकांच्या तर उजाडेपर्यंत शिल्लक असतो. भल्या पहाटे बाजार समितीच्या आवारांत लिलावास उभा राहणारा अडत्या, किंवा त्याच वेळीं मालाचा टेंपो हांकणारा चालक, आपण शुद्धीवर आहों असें शपथेवर सांगेल. त्याचें रक्त तसें सांगणार नाहीं.

यावर पहिला आक्षेप वैद्यकाच्याच नांवानें येतो. थोडें मद्य हृदयास हितकर, असें शास्त्रज्ञांनींच सांगितलें होतें ना? होय, सांगितलें होतें, आणि सद्भावनेनें सांगितलें होतें. थोडें पिणारे आणि मुळींच न पिणारे असे दोन वर्ग करून तुलना केली असतां थोडें पिणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळे. परंतु पुराव्याची उलटतपासणी झाल्यावांचून निकाल देऊं नये हा न्यायालयांतला साधा दंडक आहे, आणि ती उलटतपासणी पुढें झाली. न पिणाऱ्यांच्या वर्गांत कोणाकोणास बसविलें होतें? जन्मांत न प्यालेले तर त्यांत होतेच. पण यकृत बिघडल्यामुळें, दुसरा एखादा रोग जडल्यामुळें किंवा डॉक्टरांनीं दटावल्यामुळें ज्यांनीं दारू सोडली होती असे आजारी लोकहि त्याच बांकावर बसविलेले होते. उलट पक्षीं बेतानें पिणारा मनुष्य बहुधा सुखवस्तु, शिकलेला, चांगलें खाणारा आणि वेळच्या वेळीं डॉक्टर गांठणारा. असा मनुष्य अधिक जगला तर त्याचें श्रेय प्याल्यास देणें म्हणजे सावकाराच्या मुलाच्या गुटगुटीतपणाचें श्रेय त्याच्या गळ्यांतील ताइतास देण्यासारखें आहे. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत चीनमधील पांच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पूर्व आशियांतील कित्येकांस आनुवंशिक कारणांमुळें मद्य सोसत नाहीं, म्हणून ते मुळांतच कमी पितात. या जन्मजात फरकाच्या आधारें तुलना केली तेव्हां, थोड्या मद्यानें पक्षाघातापासून बचाव होतो हा भास नाहींसा झाला. मद्य जों जों वाढे तों तों रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोकाहि वाढत गेलेला दिसला.

बचावाचा मुख्य साक्षीदार असा फुटला. फिर्यादीचा पुरावा मात्र वर्षानुवर्षें बळकटच होत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यास, मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत घातलें. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस हे त्याच गटांतले. शरीरांत मद्यार्काचें विघटन होतांना ॲसिटाल्डिहाइड नांवाचें विष तयार होतें, आणि तें पेशींच्या मूळ द्रव्यासच इजा करतें. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठें आंतडें, आणि स्त्रियांच्या बाबतींत स्तन, इतक्या ठिकाणीं हा संबंध सिद्ध झालेला आहे. आमच्या देशांत तर पेल्याच्या जोडीस बहुधा तंबाखू असतेच, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत या दोघांची भर बेरजेनें न पडतां जवळजवळ गुणाकारानें पडते. जानेवारी १९२३ नव्हे, २०२३ मध्यें (शंभर वर्षें आधीं हें कळतें तर किती घरें वांचतीं!) जागतिक आरोग्य संघटनेनें स्वच्छ सांगितलें कीं, आरोग्यास निर्धोक म्हणावें असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं. तिच्याच हिशेबानें २०१९ या एका वर्षांत मद्यापायीं जगांत २६ लाख माणसें दगावलीं. एका पेगानें मनुष्य मरतो असें कोणीहि म्हणत नाहीं. धोका पहिल्या पेगापासून सुरू होतो आणि प्रमाणाबरोबर वाढतो, इतकेंच म्हणणें आहे. परंतु 'आरोग्याच्या रक्षणासाठीं' या शब्दांचा निकाल लावण्यास तेवढें पुरेसें आहे.

आतां भीतीचा भाग सोडून लाभाचा भाग पाहूं, कारण सुज्ञ मनुष्यास भीतीपेक्षां नफा अधिक लवकर कळतो. २०१८ सालीं 'बीएमजे ओपन' या ब्रिटिश नियतकालिकांत एका लहानशा पण बोधक प्रयोगाची हकीकत आली आहे. मध्यम ते अधिक प्रमाणांत पिणाऱ्या, तथापि व्यसनाधीन नसलेल्या ९४ लोकांनीं एक महिना मद्य वर्ज्य केलें. खाण्याजेवणांत म्हणण्यासारखा फरक केला नाहीं. महिनाअखेर त्यांचा रक्तदाब उतरला, वजन किंचित् घटलें, आणि मधुमेहाच्या मुळाशीं असलेला जो इन्सुलिनास न जुमानण्याचा शरीराचा दोष, तो सुमारें एक चतुर्थांशानें कमी झाला. एका महिन्यांत! यकृताचेंहि तसेंच आहे. मद्यामुळें त्यांत सांचलेली चरबी मद्य सोडल्यावर कांहीं आठवड्यांत ओसरूं लागते. यकृत हा मोठा क्षमाशील अवयव आहे. पण त्या क्षमेसहि मर्यादा आहे. एकदां त्याचा निबर गोळा झाला म्हणजे गेलेलें सर्व परत मिळत नाहीं. म्हणून 'अजून कांहीं झालेलें नाहीं' हें पीत राहण्याचें कारण नसून सोडण्याचें कारण आहे.

आणि झोप. बेतानें पिणाऱ्यांपैकीं पुष्कळजण झोपेसाठींच पितात, म्हणून या मुद्द्यावर थोडें अधिक लिहितों. मद्यानें डोळा लवकर लागतो हें खरें. पण लागलेला डोळा म्हणजे विश्रांति नव्हे. रात्रीच्या पूर्वार्धांत मद्य स्वप्नावस्थेची झोप दाबून टाकतें, आणि ही झोप मनाच्या स्वास्थ्यासाठीं अत्यंत आवश्यक असते. उत्तरार्धांत मद्यार्क ओसरूं लागला कीं शरीर उलट खवळतें. तीन-चार वाजतां जाग येते, घसा कोरडा पडतो, छाती धडधडते, वारंवार उठावें लागतें. घोरणें वाढतें तें निराळेंच. मग सकाळीं जी चिडचिड, जो कंटाळा आणि जी उगाच वाटणारी काळजी, तिचें खापर मनुष्य धंद्यावर, मंदीवर, जीएसटीवर, नोकरांवर आणि घरच्या माणसांवर फोडतो. संध्याकाळ झाली कीं त्याच काळजीवर औषध म्हणून पुन्हां पेला भरतो. कर्ज फेडण्यासाठीं त्याच सावकाराकडून नवें कर्ज काढणाऱ्या कुळासारखी ही रीत आहे, आणि त्या कुळाप्रमाणेंच यासहि मुद्दल कधीं फिटत नाहीं. प्यालें नाहीं तर झोप येत नाहीं ही तक्रार पहिल्या आठ-पंधरा दिवसांत खरी असते. तो काळ नेटानें काढला कीं बहुतेकांची झोप हळूहळू रुळावर येते, आणि सकाळचें डोकें हलकें होतें. वाहनांच्या अडथळ्यांतून मार्ग काढणें असो, उधारी कोणास द्यावी हें ठरविणें असो, अथवा साक्षीदाराच्या उत्तरांतील फट हेरणें असो, त्या हलक्या डोक्याची किंमत आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

पैशाचा हिशेब आम्ही थोडक्यांतच करतों, कारण तो ज्याचा त्यास येतो. रोजचे २०० रुपये धरले तर वर्षाचे ७३,००० होतात. त्यांत चकणा, हॉटेलांतलें जेवण आणि मित्रांस पाजलेली गणलेली नाहीं. पण खरा खर्च रोकडवहींत दिसतच नाहीं. तो आहे संध्याकाळचा. दुकान बंद झाल्यापासून निजेपर्यंतचे जे दोन-तीन तास, तेवढेच घराच्या वांट्यास येतात. आणि नेमके तेच पेल्यास दिलेले असतात. बाप घरांत असतो, पण मुलीच्या अभ्यासास, आईच्या औषधास, बायकोच्या शब्दास तो हजर नसतो. सभ्यपणें पिणारा मनुष्य घरांत मारहाण करीत नाहीं हें आम्ही मान्य करतों. सर्वच पिणारे तसे नसतात हें मात्र २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत नमूद आहे. ज्यांचे पति वारंवार नशेंत असतात अशा स्त्रियांपैकीं सुमारें ७० टक्क्यांनीं पतीकडून मारहाण वा बळजोरी सोसलेली आढळली. ज्यांचे पति मुळींच पीत नाहींत त्यांच्यांत हें प्रमाण सुमारें २३ टक्के होतें. तेवीस हाहि आंकडा लाजिरवाणाच आहे. पण तेविसांपासून सत्तरांपर्यंतचें अंतर ज्या वाटेनें जातें तिचा पहिला दगड कोणता, हें उघड आहे.

सरकारविषयीं दोन शब्द. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढल्याबद्दल लेखी निषेध केला होता. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. त्या वेळीं म्हणतां येत असे कीं, परक्या सरकारास आमच्या लोकांच्या आरोग्यापेक्षां अबकारीचें उत्पन्न प्रिय आहे. आतां सरकार आमचें आहे, आणि औषधाव्यतिरिक्त मादक पेयांस बंदी करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा असें घटनेचें ४७ वें कलम सांगतें. तरी अबकारीचें प्रेम मात्र जुन्या घरधन्याकडून नव्याकडे जसेंच्या तसें आलें आहे. तथापि नुसत्या बंदीच्या हुकुमानें काम होतें असेंहि आम्ही मानीत नाहीं. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरावर बळी घेतले. त्याच वर्षीं चंद्रपूर जिल्ह्यांत बंदी घातली गेली आणि २०२१ सालीं ती उठली. कायदा हा लोकांच्या निश्चयाच्या मागें चालला तर टिकतो, पुढें चालला तर अडखळतो. म्हणूनच, गांवांतील स्त्रियांनीं मागणी केली असतां गुप्त मतदानानें दारूचें दुकान बंद करण्याची जी तरतूद या राज्याच्या नियमांत आहे, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी असते. ज्या स्त्रीस अक्षर वाचतां येत नाहीं तीहि आपला निकाल त्यावर निःसंदिग्धपणें लिहूं शकते.

कोणी म्हणेल कीं काय प्यावें हा ज्याच्या त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. असेल. आम्ही वकिली करतों, स्वातंत्र्याचें महत्त्व आम्हांस शिकविण्याची गरज नाहीं. पण आपण खरोखर स्वतंत्र आहों कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. आजपासून तीस दिवस घेऊं नये. ज्यास हें सहज जमलें त्यास वर सांगितलेला लाभ मिळाला. ज्यास जमलें नाहीं, त्यास आपल्या स्वातंत्र्याची वस्तुस्थिति कळली.

मात्र येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. जो मनुष्य वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पितो, ज्यास सकाळीं हात थरथरूं नयेत म्हणून घोट घ्यावा लागतो, त्यानें ही परीक्षा एकट्यानें घरीं करूं नये. अशा शरीरास मद्य एकाएकीं तोडल्यास दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषधें व ब-१ जीवनसत्त्व देऊन सोडवावें लागतें. हा रोग आहे आणि त्यावर उपचार आहे. खोलींत कोंडणें, देवाची शपथ घालणें किंवा जेवणांतून कोणतीशी पूड चारणें हे उपचार नव्हेत. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानें सुरू झालेलें 'मुक्तांगण' व्यसनमुक्ति केंद्र हें काम इतकीं वर्षें करीत आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या परस्परसाह्य मंडळाच्या बैठकीहि आपल्याकडे भरतात; तेथें नांव-गांव विचारलें जात नाहीं आणि फी पडत नाहीं. असें असतां, केंद्र सरकारसाठीं दिल्लीच्या 'एम्स' संस्थेनें केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, दारूच्या आहारीं गेलेल्या ३८ जणांपैकीं एकासच काय तो कोणता तरी उपचार मिळाला. बाकीचे ३७ लाजेपायीं, अज्ञानापायीं आणि नोकरी जाईल या भीतीपायीं मागें राहिले असावेत, असा आमचा तर्क आहे.

यांतील शेवटची भीति दूर करणें सर्वस्वीं आमच्या व्यापारी वाचकांच्या हातीं आहे. दिवाणजी, चालक, हमाल यांपैकीं कोणी उपचारासाठीं जाऊं म्हणेल तर त्याची जागा तो परत येईपर्यंत राखून ठेवावी, आणि शक्य असेल तर तेवढ्या दिवसांचा पगार घरीं त्याच्या बायकोच्या हातीं पोंचवावा. सौदा पक्का झाला कीं बाटली फोडण्याची जी प्रथा बाजारांत पडली आहे ती व्यापारी मंडळांनीं आपल्या स्नेहसंमेलनांपासून बंद करावी. म्हणजे जो सोडूं पाहतो त्यास चारचौघांत नको म्हणतांना संकोच पडणार नाहीं. व्यसनमुक्तीसाठीं केंद्र सरकारची १४४४६ या क्रमांकाची मोफत दूरध्वनि-सेवा आहे. तो क्रमांक एका पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्याजवळ, हजेरीपटाच्या शेजारीं, टांगून ठेवावा.